कोंबडीच्या पिल्लांची वाकडी बोटं आणि फाकलेले पाय – काय करायचं?

मीनल_माणगाव

नमस्कार मंडळी. कुक्कुटपालनाचे जुने धागे चाळले, पण तिथे सगळा खाद्याचा भाव आणि अंड्याचा भाव. पायांबद्दल कुणी काही लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून हा नवीन धागा.

घरच्या छोट्या उबवणी मशीनमध्ये गावठी आणि कावेरी जातीची अशी मिसळ अंडी लावली होती. पिल्लं निघाली, बाकी तरतरीत आहेत, पण काहींच्या पायात खोट आहे. दोघांचे पाय दोन्ही बाजूंना फाकलेत. उठायला बघतात आणि पोटावर पसरतात. एकाच्या उजव्या पायाची दोन बोटं आडवी, बाहेरच्या अंगाला वळलीत, पण ते पळतं मस्त. आणि आधीच्या लॉटमधलं एक, साधारण दोन आठवड्यांचं, ते बोटं मूठ आवळल्यासारखी आत घेऊन घोट्यांवर बसून राहतं. खायला समोर ठेवलं की खातं, चोच मारण्यात कमी नाही, पण उठत नाही.

ब्रूडर म्हणजे मोठा खोका, वर बल्ब, खाली वर्तमानपत्र. आताच्या लॉटला दुकानातलं स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य आहे. आधीच्या लॉटचं स्टार्टर संपल्यावर तांदळाची कणी आणि मक्याचा भरडा चालू केला.

सासूबाई म्हणतात हळद घालून तेल चोळ. शेजारचे भाऊ म्हणतात सगळ्यांना बँडेज मार. नक्की काय करू? फोटो चढत नाहीयेत, रेंज आली की टाकते.

शिवारातला

मीनलताई, बाकीचं नंतर. आधी उठा आणि तो पेपर काढून टाका. गुळगुळीत कागदावर पिल्लाच्या पायाला पकड मिळत नाही, पाय घसरतो, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत घसरत राहिलेला पाय तसाच फाकून बसतो. चकचकीत टाइल, प्लास्टिकचा टब, रद्दी, तिन्ही एका माळेचे मणी.

खाली भाताचं तूस दोन-तीन इंच पसरा. अगदी लहान पिल्लं तूसच टिपून खातात, म्हणून पहिले दोन दिवस वरून खरबरीत सुती कापड टाकतात. स्वयंपाकघरातली जाळीदार रबरी मॅट असेल तर सोन्याहून पिवळं, धुताही येते.

गोणपाट टाकणार असाल तर कडा आत दुमडून शिवून घ्या. गोणपाटाचा सुटलेला दोरा बोटाभोवती गुंडाळतो, पिल्लू ओढतं, दोरा आवळतो. वरून काही दिसत नाही. बोट काळंनिळं पडल्यावर कळतं, तोवर ते गळायच्या बेतात असतं. बायकांचे लांब केसही असेच अडकतात. लंगडणारं पिल्लू दिसलं की आधी बोटांच्या बेचक्यात बघायचं, दोरा दिसला तर बारीक कात्रीने कापायचा, ओढायचा नाही.

आक्का_कागल

तेल नगं लावू बाई. तेलकट पिल्लू ओलं होतं, ओलं पिल्लू गारठतं, गारठलेलं पिल्लू सकाळी ताठ. हळदीचं बाकी गुण असतील, पायाचं हाड त्यानं सरळ हुईत न्हाई. सासूबाईंना सांग, कागलच्या आक्कानं नगं म्हटलंय, माझ्यावर राग काढू द्या.

आमच्याकडं खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांत असलं कमी बघितलंय. डालग्यात खाली माती, पेंढा. घसरायला जागाच न्हाई.

पशुवैद्य_वाईकर

या तिन्ही तक्रारी दिसायला सारख्या, पण आजार तीन वेगळे आहेत. सरसकट बँडेज बांधलंत तर एकाचा फायदा होईल, एकाचं काही बिघडणार नाही आणि ज्याला खरी घाई आहे ते मात्र हातचं जाईल. म्हणून आधी पिल्लू हातात घ्या, उताणं धरा आणि पाय नीट बघा.

घाई आहे ती घोट्यांवर बसणाऱ्याची. त्याची बोटं तुमच्या बोटाने हळूच उघडा. सहज उघडली आणि सोडल्यावर पुन्हा आत वळली, तर हाडात दोष नाही, नस कमजोर आहे. याला बोटं वळण्याचा लकवा म्हणतात आणि कारण बहुतेक वेळा रायबोफ्लेविन, म्हणजे बी-टू जीवनसत्त्वाची कमतरता. मांडीतून खाली जाणारी मोठी नस त्याने सुजते आणि बोटं उघडणाऱ्या स्नायूंना हुकूम पोचत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच हे दिसतं, कारण तोवर अंड्यातून आलेली शिदोरी संपलेली असते. पिल्लाच्या एक किलो खाद्यात साधारण ३.६ मिलिग्रॅम बी-टू लागतं. कणी आणि मका यांच्यात त्याच्या निम्मंही भरत नाही. तुमच्या दोन लॉटमधला फरक तुम्हीच लिहिलाय: एकाला स्टार्टर, एकाला कणी-भरडा.

लवकर बी-टू मिळालं तर अशी पिल्लं उभी राहतात. उशीर झाला तर नसेची झीज कायमची राहते, मग बाटलीभर औषध पाजून उपयोग नाही. या पिल्लाला बँडेज बांधायची गरज नाही. बांधलंत तरी बी-टू आधी.

आडवी बोटं असलेलं पिल्लू निराळं. ते तळव्यावर नीट चालतंय, पकडही घेतंय, फक्त बोट कडेला वळलंय. हे कधी आनुवंशिक असतं, कधी मशीनच्या तापमानातल्या चढउताराने, कधी गर्दीने किंवा तारेच्या जाळीवर वाढवल्याने. चालण्याखाण्यात, पुढे अंडी देण्यात फारशी अडचण येत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत पुठ्ठ्याचा बूट घातला तर सुधारतं, नाही घातला तरी जगतं. मात्र अशा कोंबड्यांची अंडी पुढे उबवणीला लावू नका.

फाकलेल्यांचे दोन्ही पाय जवळ आणून बघा. सहज जवळ येत असतील, कुठे सूज नसेल, तर बांधून सुधारतील. बांधायचं कसं ते शिवारातला सांगतील, माझ्यापेक्षा त्यांचा हात बसलाय.

एक चौथी गोष्ट तुमच्याकडे नाही, पण तपासून ठेवा. घोट्याच्या मागच्या बाजूला अंगठा फिरवला की मधोमध दोरीसारखी शीर लागते. ती मधून सरकून कडेला गेली असेल, घोटा चपटा आणि रुंद झाला असेल, पाय खालून पिळवटल्यासारखा बाहेर गेला असेल, तर ती शीर सटकलेली आहे. त्याचा उपाय पुन्हा वेगळा.

मीनल_माणगाव

डॉक्टर, खूप आभार. पेपर काढला, तूस टाकलं. बोटं उघडून पाहिली, तुम्ही म्हणता तसंच आहे, उघडतात आणि परत मिटतात.

घरात कोंबड्यांचं व्हिटॅमिनचं लिक्विड आहे, दुकानदाराने "पायांसाठी हेच" म्हणून दिलेलं. लेबलवर ए, डी-थ्री, ई आणि बी-बारा लिहिलंय. हेच दुप्पट देऊ का? आणि लिव्हर टॉनिकपण आहे.

पशुवैद्य_वाईकर

दुप्पट देऊ नका. तुम्ही लेबलवरची नावं लिहिलीत, त्यांत बी-टू कुठे आहे? बी-बारा म्हणजे बी-टू नव्हे. हे लिक्विड वाईट नाही, पण तुमच्या पिल्लाला हवी ती वस्तू त्यात नाहीच. शिवाय ए आणि डी-थ्री शरीरात साठतात, जास्तीचे डोस अंगावर येतात. लिव्हर टॉनिक राहू दे कपाटात. आपल्याकडे कोंबडी लंगडो नाहीतर शिंको, पहिली बाटली तीच निघते.

बी-कॉम्प्लेक्स हवंय. पशुखाद्याच्या दुकानात बी-कॉम्प्लेक्सचं वेगळं लिक्विड मिळतं, त्यावर रायबोफ्लेविन किंवा बी-टू लिहिलेलं स्वतः वाचा आणि मात्रा बाटलीवर दिली असेल तशी. आज रात्री काही मिळालं नाही तर माणसांची बी-कॉम्प्लेक्सची गोळी किंवा कॅप्सूल चालेल. तिच्यात बी-टू १० मिलिग्रॅम असेल तर ती १०० मिलिलिटर पाण्यात नीट विरघळवा. त्या पाण्याच्या १ मिलिलिटरमध्ये १०० मायक्रोग्रॅम बी-टू येतं आणि पिल्लाचा एक डोस तेवढाच आहे. आज एक, उद्या एक. त्यानंतर काम खाद्याचं. कणी बंद, स्टार्टर सुरू.

पाजताना पिल्लाची मान मागे खेचून तोंडात सिरिंज मारू नका, श्वासनळीत गेलं तर तिथेच संपेल. चोचीच्या कडेला थेंब लावायचा, ते स्वतः गिळतं, मग पुढचा थेंब. एक मिलिलिटर पाजायला पाच-दहा मिनिटं जातात, जाऊ द्या. पाणी पिवळंजर्द दिसेल, तो बी-टूचाच रंग. उन्हात ठेवलंत तर बी-टू नासतं, म्हणून बाटली अंधारात आणि रोज ताजं.

त्याच खोक्यातल्या बाकी पिल्लांनाही पिण्याच्या पाण्यातून बी-कॉम्प्लेक्स द्या. एकाला लक्षणं दिसली म्हणजे इतरांच्या अंगातही कमीच आहे. फक्त रक्ती हगवणीसाठी अँप्रोलियम चालू असेल तर मला आधी सांगा. ते औषध बी-वनची जागा अडवूनच जंतूला उपाशी मारतं, वरून बी-वन ओतलं तर औषध फुकट.

मीनल_माणगाव

अँप्रोलियम नाही चालू. माणसांच्या कॅप्सूलवर रायबोफ्लेविन १० मिग्रॅ लिहिलंय. आत्ताच पहिला डोस देते.

शिवारातला

घ्या, बांधायचं सांगतो.

फाकलेल्या पायांसाठी साधी जखमेवरची चिकटपट्टी घ्यायची, तीच ती औषधाच्या दुकानात सुटी मिळते. तिचे उभे दोन भाग करा, म्हणजे अरुंद पट्टी मिळते आणि मधली कापसाची गादीही अर्धी होते. गादी दोन पायांच्या मधोमध यायला पाहिजे. एक टोक एका नळीभोवती फिरवून स्वतःवरच चिकटवा, मग दुसरं. नळी म्हणजे घोट्याच्या खालचा आणि पंज्याच्या वरचा खवल्यांचा भाग. घोट्यावर पट्टी येता कामा नये. निरोगी पिल्लू उभं असतं तेव्हा दोन पायांत जेवढं अंतर असतं तेवढंच ठेवायचं, एक दिवसाच्या पिल्लाला साधारण एक इंच किंवा थोडं कमी. जास्त जवळ बांधलं की ते तोंडावर पडतं, ढिलं बांधलं की फाकतंच राहतं. पट्टी आणि नळी यांच्यात काडेपेटीची काडी सरकेल इतकी सैल.

बांधल्यावर ते लगेच धडपडतं, चिवचिवाट करून घर डोक्यावर घेतं. घाबरू नका. पहिल्या दिवशी थोडा थोडा वेळ चहाच्या कपात उभं करून ठेवा, तळाला फडकं. कपाच्या भिंती दोन्हीकडून आधार देतात, पाय पोटाखाली राहतात, मांडीत जोर येतो. मग बाहेर काढून तुसावर चालवा. खाणं-पाणी तोंडाशी. पाण्याचं भांडं उथळ आणि आत गोटे घाला, पाय बांधलेलं पिल्लू बशीभर पाण्यातही बुडून मरतं.

पट्टी रोज सोडून बघायची, त्वचा लाल झाली का, पंजा सुजला का. चिकट निघत नसेल तर कोमट पाण्याचा बोळा. चालताना पाय आपोआप खाली राहायला लागले की काढायची. अंड्यातून निघाल्याबरोबर बांधलं तर तीन-चार दिवसांत काम होतं. आठवड्याच्या वरचं पिल्लू असेल तर चिवट काम आहे, आणि बरीच सुधरत नाहीत.

आता बूट. औषधाच्या खोक्याचा पातळ पुठ्ठा पंज्यापेक्षा जरासा मोठा कापा. पुढची तीन बोटं फाकवून सरळ, मागचं एक मागे, अशी त्यावर ठेवा आणि वरून कागदी मेडिकल टेपच्या बारीक पट्ट्या, बोटांच्या मधून. पुठ्ठा नको असेल तर टेपच दोन बाजूंनी चिकटवायची, पंजा मध्ये. इलेक्ट्रिकची काळी टेप वापरू नका, काढताना खवल्यांसकट कातडी येते. नख आणि बोटाचं टोक मोकळं ठेवा म्हणजे रंग दिसतो. टोक जांभळं पडलं तर टेप घट्ट झाली. बूट ओला झाला की बदलायचा.

आणि हो, बांधलेल्याला वेगळं करा, नाहीतर बाकीची टेपवर चोची मारून रक्त काढतात. पण एकटं कोंडू नका, एकटं पिल्लू खाणं सोडतं. त्याच खोक्यात जाळीचा आडोसा आणि सोबतीला एक गरीब स्वभावाचं भावंड.

रोखठोक_७७

सगळं वाचलं. राग मानू नका, पण पिल्लाच्या किमतीत टेपचं बंडल येत नाही. पाचशे पक्ष्यांच्या शेडमध्ये कोण कप घेऊन बसणार? आम्ही लंगडं दिसलं की बाजूला काढतो, विषय संपला. लंगडं पिल्लू खाद्य खातं आणि वजन देत नाही.

शिवारातला

शेडचं गणित वेगळं, मान्य. ताईंचा खोका आहे, शेड नाही. आणि पाचशेत पाच लंगडी निघाली तर बाजूला काढा, पन्नास निघाली तर बाजूला काढून भागणार नाही, कारण दोष खाद्याच्या पोत्यात किंवा तुसात असणार.

पशुवैद्य_वाईकर

शिवारातल्याशी सहमत. रोखठोक यांचंही चूक नाही. ज्याला उभंच राहता येत नाही, खाता येत नाही, आठवडाभर उपाय करून फरक नाही, त्याला ओढत नेणं ही दया नव्हे. पण त्याला टाकून देणं, भुकेने मरू देणं हेही नको, जवळच्या दवाखान्यात नेऊन विचारा. आणि एकदम बरीच पिल्लं लंगडायला किंवा मरायला लागली तर पुरून मोकळे होऊ नका. ताजं मेलेलं पिल्लू बर्फात घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, तिथून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे नमुना पाठवता येतो. घरी बोलवायचं असेल तर १९६२ वर फोन.

भंडाऱ्याचा_नितीन

डॉक्टर, तुम्ही चौथी गोष्ट लिहिली ना, शीर सटकलेली, ते आमच्याकडे होऊन राहिलं. वनराजा जातीची पिल्लं, तीन आठवड्यांची. दोघांचा घोटा फुगला, एकाचा पाय तर पुरा बाहेर फिरला. अंगठा फिरवून पाहिला, शीर कडेलाच आहे. खाद्य मका, सोयाबीन पेंड आणि अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं लेयर खाद्य मिसळून देतो, म्हणलं हाडं मजबूत होतील.

पशुवैद्य_वाईकर

नितीन, लेयर खाद्य आजच बंद करा. त्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असतं, पिल्लाला एक टक्क्याच्या आसपास पुरतं. जास्तीचं कॅल्शियम किडनीवर तर येतंच, शिवाय ते आतड्यात मँगनीज शोषू देत नाही. मँगनीज कमी पडलं की नळीच्या हाडाची टोकं नीट घडत नाहीत, शीर ज्या खाचेत बसते ती खाचच उथळ होते आणि शीर सटकते. कोलीन आणि बायोटिन कमी पडलं तरी असंच होतं. पिल्लाला किलोमागे ६० मिलिग्रॅम मँगनीज लागतं आणि मक्यात ते फारच कमी. तुमच्या भागात भाताच्या गिरण्या आहेत, ताजा कोंढा मिळतो, त्यात मँगनीज भरपूर. थोडा मिसळा. खवट वास येणारा मात्र नको. त्याहून बरं, मिनरल मिक्श्चर घालून बनवलेलं स्टार्टरच द्या.

सटकलेली शीर पहिल्या एक-दोन दिवसांत जागेवर बसवता येते. पाय हळू मागे सरळ ताणायचा, शीर सैल पडते, मग अंगठ्याने कडेकडून मध्ये ढकलायची, खाचेत बसल्याचं बोटाला कळतं. पाय अर्धवट दुमडून हलकं बांधायचं. खरं सांगतो, बरेचदा पुन्हा सटकते, कारण खाचच उथळ असते. ज्याचा पाय पुरा फिरलाय त्याचं हाडच पिळलंय, तो हाताने परत येणार नाही. बाकीची पिल्लं वाचवा, तिथे खाद्य बदलल्याचा उपयोग नक्की आहे.

आणखी एक बघा. चोच दाबून पाहा. रबरासारखी वाकत असेल तर मुडदूस आहे, तिथे कॅल्शियम, फॉस्फरस किंवा डी-थ्रीची कमी. डी-थ्री म्हटलंय, डी-टू कोंबड्यांच्या फारसं कामाचं नाही. सकाळचं उघडं ऊन द्या. काचेआडून आलेल्या उन्हाने डी तयार होत नाही.

भंडाऱ्याचा_नितीन

चोच कडकच आहे. लेयर खाद्य उचललं. धन्यवाद सर.

सान्वी_डिचोली

गोव्यातून लिहितेय. आमच्याकडे पिल्लू नाही, तीन महिन्यांची तलंग आहे, एक पाय पुढे आणि एक मागे टाकून पडते. बी-कॉम्प्लेक्स सुरू केलं, काहीच फरक नाही. बूट घालू का? अंडी शेजाऱ्यांची, कोंबडीखाली उबवलेली. लस कुठलीच नाही.

पशुवैद्य_वाईकर

बूट नको. हे वय आणि एक पाय पुढे एक मागे, हे मरेक्स रोगाचं नेहमीचं रूप आहे. विषाणूने नसा जाड होतात, उपचार नाही. या रोगाची लस पिल्लू निघाल्याच्या पहिल्याच दिवशी हॅचरीत मानेच्या कातडीखाली टोचतात. घरी उबवलेल्या पिल्लांना ती मिळत नाही आणि आता देऊन उपयोगही नाही. विषाणू पिसांच्या मुळाशी असलेल्या कोंड्यातून धुळीत पसरतो आणि धुळीत महिनोन् महिने टिकतो, म्हणून तिला वेगळी करा, खुराडं झाडताना धूळ उडवू नका, आणि नवीन पिल्लं मोठ्यांपासून लांब वाढवा.

तरी जवळच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच. मान वाकडी होणं, हिरवी हगवण, श्वासाला घरघर असेल तर मानमोडी, म्हणजे राणीखेतही असू शकते. मानमोडीची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात, पुढे आठव्या आठवड्याच्या सुमाराला आर-टू-बीचं इंजेक्शन. परसातल्या पाच कोंबड्यांनाही द्यावी, शेजारी मिळून एक कुपी आणली तर खर्च जाणवत नाही.

सोलापुरी_मशीनवाला

मशीनबद्दल कुणी बोललंच नाही. पायांची अर्धी भानगड मशीनमध्येच होते. पंखा असलेल्या मशीनला ३७.५ ते ३७.७ अंश पाहिजे. स्वस्तातल्या मशीनचा डिस्प्ले एखाद्या अंशाने सहज खोटं बोलतो. ताप मोजायचं डिजिटल थर्मामीटर अंड्यांच्या उंचीला ठेवून ताडून बघा, पाचदहा रुपयांच्या सेन्सरपेक्षा ते इमानदार. तापमान जास्त झालं की पिल्लं विसाव्या दिवसाआधीच फोडून निघतात, बेंबी उघडी, पाय कच्चे.

आर्द्रता पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. आमच्याकडे एप्रिलात पाण्याची वाटी तासातासाला सुकते. कोकणात पावसाळ्यात वाटी काढूनच ठेवावी लागत असेल. अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवायची नाहीत आणि तळाच्या गुळगुळीत जाळीवर खरबरीत कापड टाकायचं. पिल्लू निघाल्यावर सुकेपर्यंत मशीनमध्येच लडबडतं, पाय तिथेच फाकतात, ब्रूडरचा पेपर नंतर येतो.

मीनल_माणगाव

खरंच, आमच्या मशीनच्या तळाला प्लास्टिकची गुळगुळीत जाळी आहे आणि जुलैत डिस्प्लेवर ७५ च्या खाली आर्द्रता येतच नाही. थर्मामीटर लावून बघितलं, मशीन अर्ध्या अंशाने वर चाललंय.

पिल्लांची हकीकत: फाकलेल्यांपैकी एकाची पट्टी सुटली, ते आता इतरांत मिसळून धावतं. दुसरं कपात उभं राहतं पण बाहेर काढलं की डावा पाय जातोच, त्याची पट्टी चालू आहे. बुटवालं पिल्लू बूट घालून टकटक आवाज करत फिरतं, मुलांनी त्याचं नाव इन्स्पेक्टर ठेवलंय. एक बोट सरळ झालं, दुसरं होतं तसंच.

घोट्यांवर बसणारं दुसऱ्या डोसनंतर उठून उभं राहिलं. उजवा पंजा पूर्ण उघडतो. डाव्याची बाहेरची दोन बोटं अजून आत वळतात. आणखी डोस द्यायचे का? सासूबाई आता स्वतः थेंब थेंब पाजतात, तेलाची वाटी परत गेली.

आक्का_कागल

सासूबाईंना नमस्कार सांग.

पशुवैद्य_वाईकर

छान. जास्तीचे मोठे डोस नकोत, शरीर जादाचं बी-टू बाहेरच टाकतं. स्टार्टर चालू ठेवा, पाण्यातलं बी-कॉम्प्लेक्स आठवडाभर. शेवग्याचा पाला बारीक चिरून, कधी उकडलेलं अंडं कुस्करून द्या, दोन्हीत बी-टू आहे. डावा पंजा अजून दोन आठवडे बघू. तोवर जे सुधारलं ते सुधारलं, उरलं ते नसेचं कायमचं नुकसान. दोन बोटं वळलेली कोंबडी जगते, अंडीही देते, फक्त तिची बसायची काठी जमिनीलगत ठेवा.

आणि इन्स्पेक्टरचा बूट आता उतरवा. उरलेलं बोट या वयात सरळ होणार नाही, बुटात घाण अडकून तळव्याला फोड मात्र येईल.

पाटाजवळचा_बाळू

चांगला धागा. आमच्याकडे बदकाची पिल्लं आहेत, कोंबडीचंच स्टार्टर खातात, पाय कमानीसारखे वाकून घोटे सुजलेत. हीच बी-टूची गोळी चालेल का?

पशुवैद्य_वाईकर

बदकांची गोष्ट बी-थ्रीची, म्हणजे नायसिनची आहे. बदकाच्या पिल्लाला किलोमागे ५५ मिलिग्रॅमच्या आसपास लागतं, कोंबडीच्या पिल्लाला बरंच कमी, म्हणून कोंबडीच्या स्टार्टरवर बदकं पायाने बसतात. वय किती आणि गोळीवर निकोटिनामाइड किती मिलिग्रॅम लिहिलंय ते कळवा, मग मात्रा सांगतो.

शिवारातला

बाळूभाऊ, वय, गोळीचा फोटो आणि पायांचा फोटो घेऊन बदकांचा वेगळा धागा काढा. डॉक्टर तिकडे येतील. इथे पुढच्या वेळी कुणी "पिल्लू लंगडतंय" म्हणून आलं तर त्याला कोंबडीचंच सापडू दे.